मंगळवार ते शुक्रवार

फुटबॉलचा चेंडू चामड्याचा असतो, त्यामुळे खेळून आल्यावर मला फणसवाडीतल्या आमच्या घरात सरळ पाऊल टाकता येत नसे. मागच्या विहिरीवर जायचं, दोन बादल्या अंगावर घ्यायच्या, खेळातले कपडे तिथंच पिळून दोरीवर टाकायचे आणि मग ओलेत्यानं स्वयंपाकघराबाहेर उभं राहून कोरडं धोतर मागायचं. ऐन हंगामात, म्हणजे भर पावसाळ्यात, हे रोजचं होतं. वडिलांना हा खेळ मुळीच पसंत नव्हता. परवानगी मिळाली ती आमच्या मास्तरांनी घरी येऊन शब्द टाकला म्हणून. मास्तर स्वतः वैदिकाच्या घरातले, शेंडी राखणारे, आणि तरी धोतराचा काचा मारून आमच्याबरोबर चिखलात धावणारे. त्यांच्यापुढे वडिलांना फार बोलता येईना.

मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो. मुंबईत प्लेग येऊन वर्ष होत आलं होतं. उन्हाळ्याच्या अखेरीस साथ ओसरली होती आणि गावी गेलेली माणसं परत येऊन घरांची कुलपं काढत होती. त्या साली गुजरातेतल्या एका संस्थानिकानं आपल्या राजधानीत देशी मुलांचे फुटबॉलचे सामने ठरवले. तोवर मोठे सामने म्हणजे गोऱ्या पलटणींचे. आम्ही दोरीबाहेर उभं राहून बघायचो. अठरा वर्षांखालच्या मुलांनी प्रांताप्रांताचे संघ बांधून एकमेकांशी खेळावं, ही कल्पनाच नवी होती. मुंबईचा संघ, कराचीचा, गुजरातेचा आणि पुण्याचा. पुण्यात साथ पुन्हा जोर धरत होती, म्हणून पुण्याची मुलं यायची नव्हती. राहिले तीन.

मुंबईच्या संघासाठी मास्तरांनी बारा मुलं निवडली. काही पारशी, काही ख्रिस्ती, काही आमच्या शाळेतली. अकरा खेळणार आणि बारावा सोबत जाणार, कुणी आजारी पडलं तर असावा म्हणून. तो बारावा मी होतो.

उजव्या टोकाला खेळायचा तो माझा मित्र. प्रभादेवीच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचा मुलगा. त्याची आई रोज सकाळी टोपली घेऊन गिरगावात मासळी विकायला येई आणि हा तिच्या पाठोपाठ शाळेत. मुलानं इंग्रजी शिकून कस्टम हौसात नोकरी धरावी, होडीवर जाऊ नये, हा हट्ट तिचाच. बाप म्हणे, कोळ्यानं खुर्चीवर बसून काय करायचं? ती म्हणे, तुम्ही दर्यात बसता, त्याला खुर्चीवर बसू द्या. मित्र शाळेत आमच्यासारखा बोले आणि घरी गेला की त्याची बोली बदले. माझ्याशी तो दोन्ही बोलायचा. मैदानात मी चेंडू टाळला की लांबून ओरडायचा, "भटा, पळतोस का सोवळं सांभाळतोस?" सगळी मुलं हसायची. मीही हसायचो. तो माझ्याहून फार चांगला खेळायचा. हे मला तेव्हाही कळत होतं आणि ते कळणं मला आवडत नव्हतं.

निघायच्या आधीच्या रविवारी मी त्याच्याकडे गेलो होतो. घरी सांगितलं होतं की परळच्या मैदानावर सराव आहे. ओहोटीच्या वेळी त्यांच्या किनाऱ्यावर घट्ट वाळू उघडी पडे, तिथं आम्ही दोघंच खेळलो. चेंडू खडकांकडे गेला. तो मागे धावला, उडी मारली आणि खाली बसला. खडकांना कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपा सुरीसारख्या. एक त्याच्या टाचेत शिरली होती.

त्याच्या घराच्या ओट्यावर बसून मी बाभळीच्या काट्यानं शिंपेचे तुकडे काढले. दोन मोठे निघाले, एक बारीक. आमच्याकडे पायात काटा मोडला की बिब्बा तापवून त्याचा चटका देतात, जखम लगेच मिटते. मी मोठ्या शहाणपणानं त्याच्या आईला बिब्बा मागितला. तिनं शेजारून आणून दिला, पण जवळ बसून विचारलं, "आत काय ऱ्हायला नाय ना रं?"

"नाही. सगळं निघालं."

"बग हां. दर्याचा घाव वंगाल असतो."

"आई, तो मॅट्रिकला बसायचाय," मित्र म्हणाला, "त्याला सगळं येतं."

मी चटका दिला. तो ओरडला, मग हसला. टाच काळी झाली, घाव मिटला. त्याच्या आईनं तांदळाची भाकरी आणि सुकट पुढं केली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रं बामना, खाशील का नुसता वास घेशील?" मी खाल्लं. पहिल्यांदा नव्हे. त्या वर्षात पाच-सहा वेळा खाल्लं असेल. हे घरी कळलं असतं तर नुसत्या विहिरीवरच्या दोन बादल्यांनी भागलं नसतं.

बुधवारी शाळेच्या मागे त्यानं मला बाजूला घेतलं. "जांघेत अवधाण आलंय," म्हणाला. पायाला जखम झाली, ती आत चिघळली की जांघेत गाठ येते. तिलाच अवधाण म्हणतात आणि घरोघर ते ठाऊक असतं. शेक दिला, जखम फुटली, की गाठ बसते. पण ते वर्ष तसलं नव्हतं. जांघेत गाठ म्हटलं की माणसं चार पावलं मागं सरायची.

मी म्हणालो, "मास्तरांना सांग."

"सांगितलं तर मला ठेवून जातील. दुखऱ्या पायाच्या मुलाला ते नेणार नाहीत. तुला तर ठाऊक आहे. दोन दिवसांत बसेल ती. तू बोलू नकोस हां. शपथ घे."

मी शपथ घेतली. आणि हेही सांगायला हवं, की घरी परतताना वाटभर माझ्या मनात एकच गोष्ट होती. तो राहिला तर मी खेळेन.

गुरुवारी सकाळी आम्ही ग्रँट रोड स्टेशनवर जमलो. त्या दिवसांत मुंबईबाहेर जाणाऱ्या प्रत्येक उतारूला डॉक्टर तपासत. फाटकाशी रांग लावायची, नाडी दाखवायची, मग काखेत आणि जांघेत हात लावून गाठ चाचपत. आमच्या रांगेला एक गोरा डॉक्टर होता आणि त्याच्या हाताखाली एक देशी असिस्टंट. मला पोचवायला माझे काका आले होते. ते कठड्यापलीकडे, हातभर अंतरावर, माझा फराळाचा डबा धरून उभे होते.

मित्र माझ्या पुढं होता. असिस्टंटनं त्याच्या जांघेला हात लावला आणि थांबला. कपाळाला हात लावला. डॉक्टरला काहीतरी म्हणाला. डॉक्टर उठून आला, त्यानंही चाचपलं, आणि रांग आपोआप मागं सरकली.

"अवधाण आहे साहेब," मित्र घाईघाईनं म्हणाला. "पायाला कालव लागलंय. टाचेला."

असिस्टंटनं त्याची टाच उचलून बघितली. बिब्ब्यानं सगळी टाच काळी ठिक्कर पडली होती आणि घाव कुठं दिसत नव्हता. कोळ्याच्या पोराचे तळवे, त्यावर जुने वण दहा-पंधरा. असिस्टंटनं बोटानं दाबलं. मित्रानं दात आवळले, पण रक्त नाही, पू नाही.

"जखम कुठं आहे?"

"आत आहे. रविवारी लागलं."

"मला काही सांगितलं नाहीस ते?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही नेलं नसतं."

डॉक्टर इंग्रजीत काही बोलला. असिस्टंटनं मास्तरांना विचारलं, "साहेब विचारतात, कुणी पाहिलंय का जखम होताना? ताप आहे, गाठ आहे. नुसत्या त्याच्या सांगण्यावर कसं सोडणार?"

मास्तर आमच्याकडे वळले. "मुलांनो, तुमच्यापैकी कुणाला माहीत आहे?"

मित्रानं माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या बघण्यात. तो फक्त वाट पाहत होता, जसा मैदानात चेंडू कधी येतो याची पाही. मला बोलायला चार शब्द पुरे होते. मी होतो, मी पाहिलं. मी खाली पाहिलं. मास्तरांच्या छत्रीचं टोक फरशीच्या फटीत रुतलं होतं, तिथं बघत राहिलो. मग दोन शिपाई आले, त्यांनी हाताला फडकी गुंडाळली होती. त्याला नेताना तो ओरडला नाही. वळून एवढंच म्हणाला, "अरे, आईला कुणीतरी सांगा."

गाडी सुटली. वसई मागं पडल्यावर मास्तर माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "उजव्या टोकाला आता तू."

पुढं पुष्कळ वर्षं मी स्वतःला सांगत आलो की काका तिथं उभे होते म्हणून मी गप्प राहिलो. जखम पाहिली म्हटलं असतं तर कुठं, केव्हा, कुणाच्या घरी, हे निघालं असतं. हे खोटं नाही. काकांची भीती होतीच. पण ती भीती मला नंतर आठवली, छत्रीकडे बघत असताना. आधी जे मनात आलं ते दुसरं होतं, आणि ते मी वर लिहिलं आहे.

आम्ही गुजरातच्या मुलांना एका गोलानं हरवलं. कराचीची मुलं बूट घालून खेळली आणि त्यांनी आम्हाला हरवलं. मी दोन्ही सामने खेळलो. दुसऱ्या सामन्यात गोलापासून पाच हातांवर आलेला चेंडू माझ्या पायाखालून गेला. तो असता तर गेला नसता, असं मुलं माझ्यादेखत म्हणाली. पण पहिल्या सामन्याच्या दिवशी, पाऊस नुकता थांबलेला, चारी बाजूंना माणसं, आणि चेंडू माझ्या पायात, तेव्हा मला मित्राची आठवणसुद्धा झाली नाही. मला फार आनंद झाला होता. तसा आनंद पुढं लग्नातही झाला नाही.

मंगळवारी दुपारी आम्ही मुंबईत परतलो. दुसरे आलो होतो, तरी स्टेशनवर शाळेची मुलं हार घेऊन आली होती. शाळेच्या शिपायानं मास्तरांना सांगितलं, ते मी ऐकलं. मुलगा अजून इस्पितळात आहे. ताप उतरला नाही, गाठ तशीच आहे. आई त्याच्याजवळ बसून आहे, उठायला तयार नाही.

परळच्या बाजूला, मोकळ्या जागेत, चटयांच्या झोपड्या घालून साथीचं इस्पितळ उभारलं होतं. रोग्याजवळ घरच्या एका माणसाला बसू देत. हे सगळं मला मंगळवारी दुपारी कळलं होतं. त्याच संध्याकाळी जाऊन मी डॉक्टरला सांगायला हवं होतं की शिंपेचा तुकडा त्याच्या टाचेत राहिला आहे, चिरून बघा, मी स्वतः वरून घाव मिटवला. ते मी उद्यावर टाकलं. बुधवारी शाळेच्या दिवाणखान्यात आमच्या संघाची पानसुपारी होती. एक मोठे वकील येणार होते, त्यांच्या हातून प्रत्येक मुलाला एकेक पुस्तक मिळायचं होतं. साथीच्या इस्पितळात जाऊन आलेल्या मुलाला कोण आत घेणार, असं मी मनाला सांगितलं. गुरुवारी अंग दुखत होतं, तेही खरं होतं. शुक्रवारी मास्तरांनी विचारलं, "तुझा एवढा दोस्त, जाऊन आलास का?" मग गेलो.

फाटकाशी नाव सांगितलं. आत सोडलं नाही. कुंपणाच्या चटईला एक फट होती, तिथं त्याला आणून उभं केलं. तो वाळला होता, पण स्वतःच्या पायांवर होता. टाचेला मोठी पट्टी.

"फुटलं," तो म्हणाला. "काल. आपोआप. एवढा तुकडा निघाला बघ. डॉक्टर हसला मग. म्हणाला, उद्या-परवा जा घरी."

"छान झालं," मी म्हणालो.

"आय पडली रे."

मला कळलं नाही.

"काल सकाळी. माझ्याच खाटेशी बसली होती. थंडी भरली, मग काखेत गाठ. बायकांच्या झोपडीत नेलीय. मला जाऊ देत नाहीत." त्यानं मान वळवून त्या झोपडीकडे पाहिलं. "आठवडाभर तुझीच वाट बघत होती. कुणी आत आलं की विचारायची, बामनाचा पोर आला का? तो डॉक्टरला सांगंल, त्यानंच काटा काढला, तो खोटं बोलनार नाय. मी म्हणायचो, आये, घरी जा, त्यांची गाडी आली नसेल अजून. ती म्हणायची, त्यो आला का तुना सोडतील, मंग दोगं जाऊ." मग त्यानं विचारलं, "कधी आलात परत?"

"आज सकाळी," मी म्हणालो.

"आणि लगेच आलास?"

"गाडीतून उतरलो तो इथंच."

त्यानं फटीतून बोटं बाहेर काढली आणि माझ्या मनगटाला धरलं. "बरं झालं," म्हणाला. "म्हणजे लवकर येण्यासारखं नव्हतंच काही. मला उगीच वाटत होतं." मनगट न सोडता म्हणाला, "आणि त्या दिवशीचं मनात ठेवू नको. तुझा काका उभा होता, मी पाहिलं ना. बामनाचं पोर कोळ्याच्या घरी जेवतं, हे कसं सांगशील तू?" मग एकदम म्हणाला, "खेळलास का? कुठल्या जागी?"

मी सांगितलं. त्यानं दोन्ही सामने बारीकसारीक विचारून घेतले. कराचीवाल्यांच्या बुटांना खाली खिळे होते का, मैदान ओलं होतं का, गोल कुणी मारला. पायाखालून चेंडू गेला ते सांगितल्यावर तो हसला. "सोवळं, दुसरं काय!" म्हणाला. त्या वेळी त्याची आई पन्नास पावलांवर होती. रविवारी ती गेली.

तो शाळेत परत आला नाही. कस्टम हौसाचं नावही कुणी पुन्हा काढलं नाही. बापाबरोबर होडीवर गेला, पुढं त्याची स्वतःची होडी झाली, लग्न झालं, मुलं झाली. संघातल्या इतर मुलांशी त्याचा संबंध उरला नाही. मी वकिलांच्या कचेरीत लागलो, दादरला राहायला आलो. आता माझीही मुलं मोठी झाली आहेत. वर्षातून एक-दोनदा मी त्याच्याकडे जातो. त्याच्या घरी जेवतो, उघडपणे. आता मला कोण विचारणार?

आम्ही नंतर त्या शुक्रवारबद्दल कधी बोललो नाही, पण तो इतरांशी बोलतो. गेल्या श्रावणात मी गेलो तेव्हा त्याची नवी सून पहिल्यांदाच माझ्यासमोर आली. त्यानं तिला सांगितलं, "पाया पड. हा माझा शाळेतला दोस्त. लोक साथीच्या इस्पितळाच्या रस्त्यानं जात नव्हते, तेव्हा हा गाडीतून उतरला आणि घरी न जाता थेट माझ्याकडं आला." मुलगी वाकली. तिच्या ओल्या हातांना मासळीचा वास होता. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद दिला आणि खाली बसून चहा प्यालो.

तो हे खरं मानून बोलतो, की त्याला केव्हाच कुणीतरी सांगितलं आहे आणि तरी तो तसं बोलतो, हे मला ठाऊक नाही. विचारायचं धैर्य झालेलं नाही. त्याच्या आईला पडायच्या आधी तिथून उठता आलं असतं की नाही, मी मंगळवारी गेलो असतो तर डॉक्टरनं माझं ऐकलं असतं की नाही, हेही सांगता येत नाही. एवढं सांगता येतं की आम्ही मंगळवारी दुपारी परत आलो होतो, आणि इस्पितळ आमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर होतं. तो मराठी वाचतो. हे लिहून झालं की मी त्याच्याकडे पाठवणार आहे. मी स्वतः नेऊन देईन असं आधी ठरवलं होतं, पण ते काही माझ्यानं होणार नाही.